एक्स्चेंज बनवायचंय? आधी आपल्या लाइनचा टोन ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या उद्योगविषयक पानावर एका तरुणाचा प्रश्न छापून आला होता. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी झाली आहे, नाशिक सोडायचं नाही, आणि ऑफिसं-हॉस्पिटलांना लागणारी टेलिफोन एक्स्चेंज (बाहेरच्या थोड्या लाइन आतल्या अनेक टेलिफोनांना वाटून देणाऱ्या पेट्या) बनवण्याचा कारखाना काढायचा आहे. भांडवल किती लागेल आणि मशिनरी कोणती घ्यावी, असं त्यानं विचारलं होतं. उत्तरात त्याला कर्जयोजनांची नावं दिली होती, ती बरोबरच आहेत. पण मी तीस वर्षं हेच काम करत आले आहे. आधी सिडकोतल्या घरात, मग अंबडच्या गाळ्यात. तो प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

मशिनरीचं आधी सांगते, कारण ते थोडक्यात आटोपतं. मशिनरी घेऊ नकोस. बोर्ड छापून मिळतात, त्यावर बारीक पार्ट बसवून देणारे जॉबवर्कवाले मिळतात. पत्र्याची पेटी तर नाशिकइतकी चांगली कुठं मिळणार? इथं घरोघरी म्हणावं इतके पॅनेल बनवणारे आहेत; अंबड-सातपूरमध्ये पत्रा कापून, वाकवून, पावडर कोटिंग करून आठवड्यात पेटी हातात येते. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग हा तर या गावाचा हातखंडा. आमच्या ट्रंक कार्डावरचे, म्हणजे बाहेरची लाइन जिथं जोडतात त्या बोर्डावरचे, छोटे ट्रान्सफॉर्मर कितीतरी वर्षं सिडकोतल्या दोघीजणी घरी बसून गुंडाळून द्यायच्या, आणि शंभरातला एकही परत पाठवावा लागायचा नाही. तुला लागेल ते असं: चांगलं सोल्डरिंग स्टेशन, ऑसिलोस्कोप, ४८ व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि प्लायवूडच्या एका लांब फळीवर ओळीनं मांडलेले दोन डझन टेलिफोन. ते टेलिफोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि शक्यतो जुने घे. गिऱ्हाइकाकडे नवे नसतात.

आता कामाचं. १९९५ साली मी सुरुवात केली ती बनवण्यापासून नाही, दुरुस्तीपासून. ‘तीन-आठ’ म्हणजे बाहेरच्या तीन लाइन आणि आतली आठ एक्स्टेन्शन, अशी छोटी एक्स्चेंज तेव्हा दवाखान्यांत, वकिलांच्या ऑफिसांत, द्राक्षांच्या व्यापाऱ्यांकडे धडाधड बसत होती आणि तितक्याच वेगानं बंद पडत होती. १९८४ साली सरकारनं टेलिफोन आणि ईपीएबीएक्स, म्हणजे हीच ऑफिसातली एक्स्चेंज, बनवण्याची मुभा खासगी उद्योगांना दिली, त्यानंतर दहा वर्षांत देशभर लहान-मोठे कारखाने निघाले होते. त्यांतल्या कितीतरी पेट्या मी उघडल्या. दोन वर्षं दुसऱ्यांचे बोर्ड दुरुस्त करताना जे कळलं ते कोणत्याही पुस्तकात मिळालं नसतं. कोणता रिले आधी चिकटतो, कोणता कपॅसिटर मे महिन्यात फुगतो, पाल कुठून आत शिरते. मग स्वतःचं पहिलं एक्स्चेंज केलं तेव्हा पेटीच्या खालची भोकं मी पालीच्या मापानं ठरवली.

टेलिफोनच्या दोन तारांवर शांत असताना ४८ व्होल्ट डीसी असतात. रिंग वाजते तेव्हा त्याच तारांवर ७५ व्होल्ट एसी चढतो, सेकंदाला २५ आवर्तनांचा. ओल्या हातानं क्रोनच्या पट्टीवर तारा दाबून बसवताना नेमका त्याच एक्स्टेन्शनला फोन आला की काय होतं ते प्रत्येक वायरमनला माहीत आहे. रिंगचा ठेकाही आपला असतो: ०.४ सेकंद वाजणं, ०.२ थांबणं, पुन्हा ०.४ वाजणं आणि मग दोन सेकंद शांतता. एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. हे आकडे कोरडे वाटतील, पण माझा सगळा धंदा एकदा त्या पाऊण सेकंदापाशी येऊन अडला होता, आणि तीच गोष्ट त्या तरुणाला सांगायची आहे.

भारतानं १९९७ साली माहिती तंत्रज्ञान कराराला मान्यता दिली आणि २००५ पर्यंत दूरसंचाराच्या बहुतेक यंत्रांवरचं आयात शुल्क शून्यावर आलं. तयार एक्स्चेंज बाहेरून आणणं स्वस्त झालं. मी एक कार्ड बनवायला जेवढा खर्च करत होते तेवढ्यात आख्खी पेटी मुंबईच्या बाजारात मिळू लागली. एक व्यापारी अंबडला येऊन बसला. म्हणाला, ताई, कशाला डोळे फोडता, माल मी देतो, तुमचं नाव छापून देतो, तुम्ही फक्त बसवा. २००८ ते २०१० अशी दोन वर्षं मी ते केलं. बाक रिकामा पडला, वाइंडिंगवाल्या दोघींचं काम बंद झालं. पैसे मात्र चांगले सुटले, हेही खरं सांगते.

मग कॉलेज रोडच्या एका प्रसूतिगृहातून सकाळी सातला फोन आला. रात्री बाराच्या पुढं त्यांच्या दोन्ही लाइन एंगेज लागत होत्या. कळा सुरू झालेल्या बाईच्या घरचे फोन लावून लावून थकले आणि शेवटी रिक्षानं थेट दारात आले. सुदैवानं बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. मी गेले. रिसीव्हर सगळे जागेवर, पण पेटीवरचे दोन्ही लाइनचे दिवे लाल. पेटी बंद करून चालू केली की सगळं ठीक. कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, रोज सकाळी एकदा रीसेट करा.

मी त्या रात्री तिथं स्टूल टाकून बसले. डॉक्टरांनी रात्रीचे फोन आपल्या मोबाइलवर वळवून घेतले होते: पहिल्या लाइनवर आलेला फोन एक्स्चेंज दुसऱ्या लाइननं डॉक्टरांकडे लावायचं. पावणेबाराला एक फोन आला, डॉक्टर बोलले, दोघांनी फोन ठेवला. दोन्ही लाइनवर एंगेज टोन वाजू लागला. अशा वेळी मध्ये कुणी माणूस नसतो. टोन ओळखून लाइन सोडणं हे एक्स्चेंजचंच काम. त्यानं सोडली नाही. मी बट-फोन (वायरमनचा लाइन तपासायचा फोन) लावून कान देऊन ऐकत होते. पाऊण सेकंद टोन, पाऊण सेकंद शांतता, आणि पेटी जणू कुणी अजून बोलतंय अशा समजुतीत दोन्ही लाइन धरून बसलेली. दुसऱ्या दिवशी बाकावर हवा तो टोन काढणारा सिग्नल जनरेटर लावून पाहिलं तेव्हा कळलं. पेटीच्या आतला हिशेब ती जिथं बनली त्या देशाचा होता: ४५० हर्ट्झ, ०.३५ सेकंद चालू, ०.३५ सेकंद बंद. मेनूत भारताचं नाव होतं, पण ते निवडल्यावर फक्त रिंगचा ठेका बदलायचा. एंगेज टोनची ओळख बदलतच नव्हती.

पेटीवर माझं नाव होतं आणि पेटीच्या आतलं एक अक्षरही बदलायची सोय माझ्या हातात नव्हती. त्या प्रसूतिगृहाला मी माझं जुनं, स्वतः बनवलेलं एक्स्चेंज बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि परत बाकाकडे वळले. टोन ओळखण्याचा प्रोग्राम नव्यानं लिहिला. नाशिक, सिन्नर, निफाड, मनमाड इथल्या लाइनवर जाऊन टोन रेकॉर्ड करून आणले, कारण कागदावर ४०० हर्ट्झ असले तरी लांबच्या तांब्याच्या लाइनवर टोन इतका क्षीण येतो की यंत्राला तो ऐकूच जात नाही. त्या कामाला सात महिने लागले. आज तांबं जाऊन फायबर आलं आहे, लाइन आता ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथं येऊन संपतं त्या पेटीच्या, मागच्या पोर्टमधून निघते आणि टोनचा जोर पुन्हा वेगळा आहे, म्हणून तोच प्रोग्राम गेल्या काही वर्षांत दोनदा बदलला. बदलता आला, कारण तो माझा होता.

म्हणून त्या तरुणाला माझं पहिलं सांगणं हे: पार्ट बाहेरचे चालतील, चिप तर बाहेरचीच येणार, पण प्रोग्राम आणि बोर्डाचा नकाशा स्वतःचा ठेव. नाहीतर तू कारखानदार नाहीस, स्टिकर लावणारा आहेस, आणि रात्री बाराला ज्या बाईचा फोन लागत नाही तिला तू काहीच सांगू शकणार नाहीस.

हे सांगणारी मी काही पहिली नाही. मी डिप्लोमाला होते तेव्हा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं नाव प्रत्येक मास्तरांच्या तोंडी होतं. १९८४ साली सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं ती संस्था निघाली आणि १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला तिचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं, १२८ पोर्टचं. त्याचं मोठेपण असं की ते वातानुकूलनाशिवाय चालायचं. बाहेरच्या मोठ्या एक्स्चेंजना थंडगार, धूळ नसलेली खोली लागायची. आपल्या गावांत तशी खोली कुठली? म्हणून आपल्या इंजिनिअरांनी आपल्या धुळीला आणि उन्हाळ्याला पुरून उरेल असं यंत्र बनवलं आणि ते डिझाइन देशातल्या अनेक उत्पादकांना दिलं. आम्हा मुलींच्या डोक्यात तेव्हाच बसलं की हे आपल्याकडेही होऊ शकतं. वर्गात आम्ही तिघीच होतो.

दुसरं सांगणं आकाशातल्या विजेविषयी. नाशिकचा वळीव कसा येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारभर उकाडा, साडेचारला गंगापूरच्या बाजूनं काळं, आणि पहिल्या दहा मिनिटांत कडकडाट. नाशिक रोडच्या एका हॉस्पिटलात असाच मे महिना होता. जुनी आणि नवी इमारत, मधून हवेत टांगलेली केबल. संध्याकाळी दहा एक्स्टेन्शन एकदम डेड, त्यात आयसीयू आणि रक्तपेढी. जिन्याखालच्या खोलीत एक्स्चेंज होतं. झाकण काढताच तो वास आला: जळालेल्या व्हॅरिस्टरचा (जादा व्होल्टेज अडवणाऱ्या पार्टचा), थोडासा करपलेल्या रबरासारखा. निळ्या चकत्या फुटून त्यांचा भुगा बोर्डावर पसरला होता, आणि एका चिपच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक. मोबाइलच्या उजेडात त्याच पायरीवर बसून रात्री दोनपर्यंत दोन कार्डं उभी केली. तोवर वॉर्डबॉय निरोप घेऊन जिने चढत-उतरत होते.

सकाळी अर्थिंग मोजलं. खड्डा कोरडा ठणठणीत. हिवाळ्यानंतर त्यात कुणी बादलीभर पाणी ओतलं नव्हतं. विजेला जमिनीत जायला वाट मिळाली नाही, म्हणून ती कार्डातून गेली. दोष माझाही होता, कारण बसवताना मी अर्थिंग मोजलं नव्हतं, इलेक्ट्रिशियनच्या शब्दावर गेले होते. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक लाइनवर आधी गॅस ट्यूब, मग रेझिस्टर, मग व्हॅरिस्टर अशी तीन दारं असतात, आणि अर्थिंगचा आकडा लिहून सही घेतल्याशिवाय आमचा माणूस पेटी भिंतीला लावत नाही. यानं एका कार्डाची किंमत वाढते. स्पर्धेत त्यामुळे ऑर्डर गेल्या आहेत. तरी मी ते काढलेलं नाही.

आता कुणी विचारेल, सगळ्यांच्या खिशात मोबाइल असताना एक्स्चेंज घेतं कोण? मलाही नातेवाईक हे विचारतात. हॉस्पिटलं घेतात, कारण एक्स-रेच्या तळघरात रेंज नसते आणि ‘आयसीयूला जोडा’ म्हटल्यावर ज्याची ड्यूटी असेल त्यानं उचलावं लागतं, ठरावीक माणसानं नव्हे. हॉटेलं, धर्मशाळा, वसतिगृहं घेतात. ज्या कारखान्यांत सुरक्षेमुळे मोबाइल गेटवर ठेवावा लागतो ते घेतात. सोसायट्यांचे वॉचमन ते फ्लॅट इंटरकॉम आहेतच. वीज गेली, टॉवर बंद पडला, तरी एक्स्चेंजखालच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर साधा टेलिफोन चालतो. त्याला वेगळा चार्जर लागत नाही. इंटरनेटवरून चालणारी आयपी एक्स्चेंज वाढली आहेत आणि नव्या माणसानं ती शिकायलाच हवीत, १९९९ पासून ॲस्टेरिस्कसारखं खुलं सॉफ्टवेअर त्यासाठी उपलब्ध आहे. माझ्या मते पुढचं यंत्र मिश्र असणार: ऑफिसात आयपी फोन, शेडमध्ये आणि वॉर्डात जुनीच दोन तारांची जोडी. भिंतीत गाडलेली केबल कुणी उपटत नाही. सिंहस्थ तोंडावर आला आहे. २०१५ च्या वेळी आम्ही रात्रंदिवस राबलो होतो. आज त्र्यंबक रोडनं जाताना दोन्ही बाजूंनी हॉटेलांची नवी बांधकामं दिसतात, आणि त्या प्रत्येक खोलीत फोन लागणार आहे. तो बाहेरच्या पेटीवर वाजेल की नाशिकच्या, एवढाच प्रश्न आहे.

पैशाचं एकच सांगते. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असं २००६ च्या कायद्यात आहे. ऑर्डर घेतानाच उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छाप आणि ती ४५ दिवसांची मुदत गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाच. माझे एका संस्थेकडे दीड वर्ष पैसे अडकले तेव्हा मी ते केलं नव्हतं.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. १ ऑक्टोबर २०१९ पासून पीएबीएक्सला, म्हणजे आपल्या याच एक्स्चेंजला, दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. विद्युत सुरक्षा, यंत्रातून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट, बाहेरचे धक्के सोसण्याची ताकद, लाइनची तांत्रिक मापं, हे सगळं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावं लागतं. ही सक्ती योग्यच आहे. प्रसूतिगृहातली ती पेटी कुणी अशी तपासली असती तर मला स्टूल टाकून बसावं लागलं नसतं. पण पहिल्याच फेरीत नवं यंत्र सहसा पास होत नाही. माझं नापास झालं ते पॉवर सप्लायच्या गोंगाटावर. प्रयोगशाळेतली माणसं सज्जन होती, त्यांनी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर रेघ वर जाते ते दाखवलंही. पण तिथला बाक तासाच्या हिशेबानं असतो, तिथं बसून दुरुस्ती करता येत नाही. नाशिकला आणायचं, अंदाजानं काहीतरी बदलायचं, पुन्हा तारीख घ्यायची, पुन्हा फी भरायची. चार वेळा पेटी मांडीवर घेऊन मी कसारा घाट उतरले. शेवटी ज्यानं काम झालं ती गोंगाट अडवणारी फेराइटची एक रिंग होती, काही रुपयांची. माझ्या ओळखीच्या दोन लहान उत्पादकांनी याच फेऱ्यांना कंटाळून स्वतःचं बनवणं सोडलं आणि आता ते प्रमाणपत्र असलेली तयार पेटी आणून विकतात. दोघांचेही बोर्ड माझ्यापेक्षा चांगले होते.

यावर उपाय अवघड नाही. नाशिकमध्ये एक सामाईक चाचणी बाक हवा, जिथं लहान उद्योजक आपलं यंत्र घेऊन दिवसभर बसू शकेल, नापास होईल, सोल्डर करेल, पुन्हा लावेल. त्यावर विजेचा कृत्रिम धक्का देणारा सर्ज जनरेटर, गोंगाट मोजणारा स्पेक्ट्रम ॲनलायझर आणि त्याचं लाइन नेटवर्क, टेलिफोन लाइनचा सिम्युलेटर आणि गरम-थंड करणारी एक पेटी, एवढं असलं तरी पुरे. अंतिम प्रमाणपत्र मिळवायला जायचं तिथं जाऊच, पण पास होणार हे माहीत असताना जाऊ. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात सामाईक सुविधा केंद्रांसाठी अनुदानाची तरतूद आहे. निमा आणि आयमा या आपल्या दोन्ही संघटना, जिल्हा उद्योग केंद्र आणि एखादं अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी एकत्र बसावं, ही माझी जाहीर विनंती आहे. हा बाक फक्त टेलिफोनवाल्यांच्या कामाचा नाही. एलईडी ड्रायव्हर, चार्जर, शेतातल्या पंपाचे स्टार्टर बनवणारी कितीतरी मुलं अंबडला, सातपूरला आणि सिन्नरला आहेत, आणि सगळ्यांना तीच मापं लागतात.

सरकारी खरेदी करणाऱ्यांनाही एक विनंती. २०१७ च्या आदेशानं देशी मालाला प्राधान्य आहे, लहान उद्योगांना अनामत रकमेत सूट आहे. पण टेंडरमधलं वर्णन जेव्हा एखाद्या परदेशी कॅटलॉगमधून जसंच्या तसं उतरवलेलं असतं, अगदी पेटीची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि झाकणाच्या रंगासकट, तेव्हा ती सूट घेऊन आम्ही करायचं काय? एक्स्चेंजनं काय काम करावं ते लिहा. ते किती रुंद असावं ते आमच्यावर सोडा.

तो बाक होईल तेव्हा होईल. तोवर माझ्या गाळ्यातला बाक आहे. सर्ज जनरेटर आम्ही स्वतः बनवलेला आहे, प्रमाणित नाही, पण कच्चं कार्ड त्याच्यापुढं टिकत नाही. लाइनचे रेकॉर्ड केलेले टोन आहेत, निफाडचे आणि मनमाडचेसुद्धा. दर शनिवारी, अंबडला सुट्टी असते तेव्हा, दुपारी दोननंतर मी तिथंच असते. प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणानं तुमच्या कचेरीतून माझा नंबर घ्यावा, माझी हरकत नाही. येताना स्वतः काढलेलं सर्किट आणि एखादं अर्धवट कार्ड आणावं, चालत नसलं तरी चालेल. टेलिफोन आणू नये, ते फळीवर चोवीस आहेत.

आपली,
अंबडमधील एक लघुउद्योजिका,
सिडको, नाशिक